पर्वणीची आवृत्ती आधी ठरवा

मा. अध्यक्ष व मा. आयुक्त,
नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण, नाशिक

विषय : सिंहस्थासाठीचे सॉफ्टवेअर खुले ठेवणे आणि त्याच्या आवृत्त्यांचे नियोजन



येत्या सिंहस्थाच्या तारखा जाहीर झालेल्या आहेत. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण, २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७ रोजी पहिली दोन अमृतस्नाने, आणि तिसरे स्नान नाशिकला ११ सप्टेंबरला तर त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला. घाट, पूल, रस्ते आणि मलनिस्सारणाची कामे या तारखांकडे डोळे लावून चालतात. काम कधी संपवायचे, तपासणार कोण आणि ताब्यात घेणार कोण, हे कागदावर असते. मेळ्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हीच शिस्त हवी, हे सांगण्यासाठी हे जाहीर पत्र लिहीत आहे. प्रयागराजला २०२५ मध्ये गर्दीवर नजर ठेवायला एआय कॅमेरे होते आणि भाविकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला बहुभाषक चॅटबॉट होता. नाशिकलाही गर्दीचा अंदाज, वाहनतळांतली मोकळी जागा, हरवलेल्या माणसांची नोंद, रुग्णवाहिकांची हालचाल अशा कामांसाठी सॉफ्टवेअर लागणारच. माझे म्हणणे एवढेच आहे : या सॉफ्टवेअरचा कोड खुला ठेवावा, नव्या कामाची शाखा आणि प्रत्यक्ष वापरातली शाखा पहिल्या दिवसापासून वेगळ्या असाव्यात, आणि स्नानाच्या दिवशी नेमकी कोणती आवृत्ती चालेल हे कित्येक आठवडे आधी जाहीर व्हावे.

ही पद्धत ज्यांना परिचयाची नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बहुतेक सॉफ्टवेअरचा कोड आज गिट या साधनात ठेवला जातो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या विकासासाठी ते तयार केले. गिटमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते : कोणी केला, केव्हा केला, आधी काय होते आणि नंतर काय झाले. एकाच कोडच्या दोन शाखा करून त्या स्वतंत्रपणे पुढे नेता येतात. दुकानात कच्ची वही वेगळी असते आणि पक्की वेगळी, तसेच हे आहे. कच्च्या वहीत दिवसभर खाडाखोड चालते. पक्कीत जाते ते तपासून, आणि एकदा गेले की विनाकारण हात लावायचा नाही. विकासाच्या शाखेत नवनव्या सोयी येत राहतात, प्रकाशनाच्या शाखेत फक्त दुरुस्त्या जातात. प्रकाशनाच्या शाखेवरच्या ठरावीक जागी टॅग लावला की त्या आवृत्तीला कायमचा क्रमांक मिळतो. सहा महिन्यांनी कोणी विचारले, ‘३१ ऑगस्टला नेमका कोणता कोड चालू होता?’, तर त्या टॅगवर बोट ठेवून उत्तर देता येते. जिथे अशी विभागणी नसते तिथे आदल्या रात्री कोणाला तरी सुचलेली ‘छोटीशी सुधारणा’ दुसऱ्या दिवशी लाखो फोनांवर पोहोचते, आणि बिघाड झाल्यावर काय बदलले होते हे शोधण्यातच दिवस जातो.

ही शिस्त सिंहस्थाला इतर प्रकल्पांपेक्षा जास्त का लागते, हे तारखांवरूनच दिसते. एखाद्या कंपनीचे ॲप तयार नसेल तर प्रकाशन महिनाभर पुढे ढकलता येते. पर्वणी पुढे ढकलता येत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या स्नानात २९ दिवसांचे अंतर आहे, दुसऱ्या आणि नाशिकच्या तिसऱ्या स्नानात अवघे ११ दिवस. २९ दिवसांत पहिल्या स्नानाचा अनुभव तपासून मोजक्या, नीट चाचणी केलेल्या सुधारणा करता येतील. ११ दिवसांत नवी सोय लिहून, तपासून, प्रचंड गर्दीच्या भाराखाली उभी करणे शहाणपणाचे नाही. त्या काळात दोष काढावेत, त्यापलीकडे काही करू नये. म्हणून माझी सूचना अशी : १ जून २०२७ पर्यंत प्रकाशनाची शाखा विकासाच्या शाखेपासून वेगळी काढावी, त्या दिवसानंतर तिच्यात नवी सोय येऊ देऊ नये, आणि जून-जुलैचे दोन महिने रंगीत तालमी, भारचाचण्या आणि दोषनिवारण यांसाठी राखावेत. ध्वजारोहणापासून पहिल्या स्नानापर्यंतचे नऊ महिने ही पद्धत लहान प्रमाणावर वापरून अंगवळणी पाडायला पुरेसे आहेत.

या पद्धतीचा गाभा म्हणजे दुरुस्तीची दिशा. लिनक्स कर्नलच्या स्थिर शाखांचा नियम असा की दुरुस्ती आधी मुख्य प्रवाहात गेलेली असली पाहिजे, मगच ती जुन्या स्थिर शाखेत आणता येते. शिवाय ती खऱ्या त्रासावरचा इलाज असावी, तिची चाचणी झालेली असावी, आणि आजूबाजूच्या ओळी धरून ती शंभर ओळींपेक्षा मोठी नसावी. पहिली अट वरवर वेळखाऊ वाटते. ती पाळली नाही तर काय होते ते पाहा. घाईत फक्त चालू शाखेत दुरुस्ती केली आणि विकासाच्या शाखेत करायची राहून गेली, तर पुढची आवृत्ती निघेल तेव्हा तोच दोष परत येईल. सिंहस्थात याचा अर्थ असा की २ ऑगस्टला निस्तरलेली चूक ३१ ऑगस्टला पुन्हा समोर उभी राहील. ‘आधी मुख्य शाखेत, मग प्रकाशनाच्या शाखेत’ हा नियम कंत्राटात एका ओळीत बसतो आणि तो पाळला गेला की नाही हे गिटमधल्या नोंदींवरून कोणालाही तपासता येते.

हे आपल्या आवाक्यातले आहे का, असे वाटत असेल तर लांब पाहायला नको. मुंबईच्या फ्रापे टेक्नॉलॉजीज या कंपनीने उभे केलेले ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारे खुल्या स्रोताचे सॉफ्टवेअर जगभरचे व्यवसाय वापरतात. त्याचा कोड गिटहबवर सर्वांसमोर आहे. नवे काम ‘डेव्हलप’ या शाखेत होते. प्रत्येक मोठ्या आवृत्तीची स्वतःची शाखा असते, उदाहरणार्थ ‘व्हर्जन-१४’ किंवा ‘व्हर्जन-१५’, आणि तिच्या जोडीला एक ‘हॉटफिक्स’ शाखा असते. दोष सापडला की दुरुस्ती डेव्हलपमध्ये होते, तिथून बॅकपोर्ट करून हॉटफिक्स शाखेत येते आणि पुढच्या प्रकाशनाबरोबर स्थिर शाखेत उतरते. ज्या कारखान्याचे महिनाअखेरचे हिशेब या प्रणालीवर अवलंबून आहेत, त्याला डेव्हलपमधल्या अर्धवट प्रयोगांची झळ लागत नाही, आणि ज्याला नवे हवे त्याची वाटही अडत नाही. महाराष्ट्रातच वाढलेला एक प्रकल्प ही घडी वर्षानुवर्षे सांभाळतो आहे. नाशिकसाठी काम करणाऱ्या कंत्राटदाराकडून तेवढीच अपेक्षा करणे अवाजवी नाही.

शाखा वेगळ्या ठेवल्याने किती फरक पडतो याचा एक मोठा पुरावा २०१४ मध्ये मिळाला. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष ७ एप्रिल २०१४ रोजी उघड झाला. तो २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या मालिकेतल्या एका नव्या सोयीबरोबर शिरला होता. १.०.० आणि ०.९.८ या जुन्या शाखांमध्ये ती सोय आणलेलीच नव्हती, म्हणून त्या शाखांवरच्या यंत्रणांना या दोषाची बाधा झाली नाही. जुने ते नेहमी सुरक्षित, असा निष्कर्ष यातून काढू नये, कारण जुन्या शाखांचेही स्वतःचे दोष असतात आणि त्यांनाही दुरुस्त्या लागतात. मुद्दा नेमका एवढाच की नवी सोय सोबत नवा धोका आणते, आणि प्रकाशनाच्या शाखेचे दार त्या सोयीला बंद असेल तर तो धोकाही बाहेर राहतो. दोन वर्षे जगभरच्या तज्ज्ञांच्या नजरेतून निसटलेली चूक आपल्या कंत्राटदाराला दोन दिवसांत सापडेल, या भरवशावर स्नानाच्या तोंडावर नवे काही आणू नये.

नाशिकपुढचा एक प्रश्न मात्र खास आहे. मेळा दोन ठिकाणी भरतो. वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर स्नान करतात, शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर. रस्ते वेगळे, घाटांची क्षमता वेगळी, तिसऱ्या स्नानाचा दिवसही वेगळा. अशा वेळी सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे ‘नाशिक शाखा’ आणि ‘त्र्यंबक शाखा’ करून दोन चमू कामाला लावणे. तो टाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दीर्घकाळ वेगळ्या वाढलेल्या दोन शाखा हळूहळू दोन वेगळी सॉफ्टवेअर होतात. एकीतली दुरुस्ती दुसरीत बसत नाही, प्रत्येक दोष दोनदा निस्तरावा लागतो, आणि एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी पोहोचत नाही. ठिकाणाचा फरक शाखेत ठेवायचा नसतो, तो सेटिंगमध्ये ठेवायचा असतो. कोड एकच, प्रकाशनाची शाखा एकच, आणि घाट, मार्ग, तारखा, क्षमता यांच्या दोन वेगळ्या फाइली. पोलीस, महापालिका, जिल्हा परिषद, एसटी आणि रेल्वे यांच्या गरजांनाही हेच लागू आहे. शाखा वेळेनुसार कराव्यात, खात्यांनुसार नाही.

भाषेचाही विचार आत्ताच व्हायला हवा. मेळ्याला देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात, त्यामुळे सूचना मराठी, हिंदी आणि इतर भाषांत लागतील. ग्नोमसारख्या मोठ्या खुल्या प्रकल्पात प्रकाशनापूर्वी काही आठवडे पडद्यावरचा मजकूर गोठवला जातो. त्यानंतर कोणी शब्द बदलायचा म्हटले तर अनुवादकांच्या चमूची परवानगी लागते. या नियमाला कारण आहे. मूळ वाक्य शेवटच्या क्षणी बदलले की सगळ्या भाषांतले त्याचे अनुवाद एका झटक्यात निकामी होतात, आणि आपल्या भाषेत माहिती वाचणाऱ्या माणसाला ऐन वेळी मधलीच एक सूचना परक्या भाषेत दिसते. ‘या मार्गाने परत जाऊ नका’ हे वाक्य ज्याला कळायला हवे त्यालाच कळले नाही, तर बाकीचे तंत्रज्ञान कितीही चांगले असले तरी उपयोगाचे नाही. कोड गोठवण्याच्या तारखेबरोबर मजकूर गोठवण्याची तारीखही ठरवावी.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप प्रशासनाच्या बाजूने येईल : मेळ्यात क्षणाक्षणाला परिस्थिती बदलते, तिथे गोठवलेली आवृत्ती काय कामाची? २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर सरदार चौक परिसरात चेंगराचेंगरी होऊन ३९ जणांचा जीव गेला. त्या शहराला निर्णयाच्या वेगाचे मोल वेगळे सांगायला नको. पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. रस्ता बंद करणे, लोंढा दुसऱ्या घाटाकडे वळवणे, वाहनतळ भरल्याचे कळवणे हे माहितीतले बदल आहेत. ते नियंत्रण कक्षात बसलेल्या अधिकाऱ्याला कोडला हात न लावता करता आले पाहिजेत, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते तसे करता येत नाहीत ते सिंहस्थासाठी स्वीकारूच नये. गोठवायचा आहे तो कोड. माहितीचे बदल निर्धोक असतात असेही माझे म्हणणे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीने पाठवलेल्या एका सदोष माहिती-फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले, कारण ती फाइल थोड्या संगणकांवर तपासून न पाहता एकदम सर्वत्र गेली. म्हणून माहितीच्या बदलांनाही आपोआप होणारी तपासणी हवी आणि मागे घेण्याची सोय हवी. ऐन गर्दीत कोडमध्येच जीवघेणा दोष निघाला तर हॉटफिक्सची वाट आहेच. ती कोणाच्या परवानगीने उघडायची, कोणत्या दोन जणांची तपासणी लागेल, बिघडल्यास आधीच्या टॅगवर किती मिनिटांत परतायचे, हे आधी लिहून ठेवले तर शिस्त वेगाच्या आड येत नाही. परतायला नेमकी, तपासलेली जागा आहे हे माहीत असले की निर्णय घेणाऱ्याला धीर येतो.

दुसरा आक्षेप सॉफ्टवेअर क्षेत्रातले लोक घेतील. अनेक अनुभवी चमू आज एकाच मुख्य शाखेवर दिवसातून अनेकदा लहान लहान बदल करतात आणि तेच लगेच वापरात आणतात. फार शाखा केल्या की त्या जोडताना गोंधळ होतो, असे ते म्हणतात, आणि ते बरोबर आहे. विकास एका मुख्य शाखेवरच व्हावा, लहान कामांच्या शाखा एक-दोन दिवसांत मिळवून टाकाव्यात, हे मलाही मान्य आहे. मात्र सतत प्रकाशन करणाऱ्या त्या चमूंना एक सवलत असते : चूक झाली तर ती तासाभरात निस्तरता येते आणि तोवर ग्राहकाचे फार बिघडत नाही. पर्वणीच्या पहाटे नेटवर्क कोंडलेले असेल, भाविकांचे फोन अद्ययावत होऊ शकणार नाहीत, आणि चूक सहन करायला अवधी नसेल. म्हणून मुख्य शाखा एकच ठेवून तिच्यातून स्नानापुरती एक प्रकाशन शाखा काढावी. ईआरपीनेक्स्टला अनेक आवृत्त्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, कारण त्याचे वापरकर्ते वेगवेगळ्या आवृत्त्यांवर असतात. सिंहस्थाला एका वेळी दोनच शाखा पुरतात, त्यामुळे जोडणीचा त्रासही आवाक्यात राहतो.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा : कोड खुला केला तर घातपात करणाऱ्यांना नकाशाच मिळेल. पासवर्ड, किल्ल्या, कॅमेऱ्यांची ठिकाणे, भाविकांची नोंदवलेली माहिती यांतले काहीही कोडसोबत ठेवायचे नसते, कोड बंद असला तरीही. ते वेगळे आणि कडेकोट ठेवले की उघड्या कोडमधून त्यांचा पत्ता लागत नाही. सुरक्षेशी संबंधित दुरुस्ती आधी खासगीत तयार करून प्रकाशनाबरोबर जाहीर करण्याची प्रथा खुल्या प्रकल्पांत रुळलेली आहे. तरीही केवळ खुलेपणाने भागत नाही, हे मान्य करायला हवे, आणि त्याचे उदाहरण खुल्या स्रोताच्याच जगातले आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. तो चालू करणारा महत्त्वाचा भाग गिटमधल्या कोडमध्ये नव्हता, प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. यातून दोन धडे मिळतात. एक, जे लोकांच्या फोनवर जाते ते टॅग लावलेल्या कोडमधूनच तयार झाले आहे हे बाहेरच्या कोणालाही पडताळता आले पाहिजे. दुसरा, त्या आवृत्त्या डेबियन या लिनक्स वितरणाच्या चाचणीच्या आणि अस्थिर शाखांपर्यंत पोहोचल्या होत्या, स्थिर शाखेपर्यंत नाही. मधल्या टप्प्यांत वेळ गेला म्हणूनच धोका वेळेत पकडला गेला. तो पकडणारे आंद्रेस फ्रॉइंड एका किरकोळ वाटणाऱ्या मंदपणाचा माग काढत तिथवर पोहोचले होते, आणि कोड वाचायला मोकळा होता म्हणूनच त्यांना तो माग काढता आला.

चौथा आक्षेप नियमांचा आणि कंत्राटाचा असेल. केंद्र सरकारने २०१५ मध्ये खुल्या स्रोताचे सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण आणले, आणि त्याच वर्षी सरकारी ॲप्लिकेशनांचा कोड खुला करून तो सहकार्याने विकसित करण्याचेही. त्यासाठी ओपनफोर्ज हे व्यासपीठ उभे राहिले. तेव्हा ही मागणी धोरणाला धरूनच आहे. मात्र कोड उघडण्याची वेळ महत्त्वाची. आरोग्य सेतू ॲप एप्रिल २०२० च्या सुरुवातीला आले आणि त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड २६ मे २०२० रोजी खुला झाला, तोवर ते कोट्यवधी फोनांवर पोहोचले होते. मागाहून कोड दाखवणे आणि काम उघड्यावर करणे यांत मोठे अंतर आहे. मागाहून दाखवलेल्या कोडमध्ये दोष सापडेपर्यंत तो वापरून झालेला असतो. नाशिकचा कोड निविदेपासूनच खुला ठरला, तर ध्वजारोहणाच्या वेळी तो डोळ्यांखालून घालणारे अनेक जण असतील.

आणि ते या शहरात आहेत. २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकचेच रमेश रासकर आणि एमआयटीतील त्यांचे सहकारी यांच्या पुढाकारातून ‘कुंभथॉन’ झाले. महाविद्यालयीन मुले, अभियंते आणि अधिकारी एकत्र बसले. पावलांच्या दाबावरून गर्दी मोजणारी ‘आशिओतो’ ही चटई त्यातूनच आली आणि त्या मेळ्यात वापरली गेली. त्या धाग्यातून पुढे टीसीएसचे डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे केंद्र नाशिकमध्ये उभे राहिले. शहराकडे बुद्धी आहे, उत्साह आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या पर्वाला मात्र उत्साह पुरत नाही, त्याला स्मृती लागते. २०२८ मध्ये उज्जैनचा सिंहस्थ आहे. तिथल्या अभियंत्यांना नाशिकची तिसऱ्या स्नानाची आवृत्ती टॅगवरून उचलता आली, तिच्यातली प्रत्येक दुरुस्ती कोणत्या अडचणीतून आली हे वाचता आले, तर ते शून्यापासून सुरुवात करणार नाहीत. नाशिकच्या पुढच्या सिंहस्थाला जे लोक काम करतील, त्यांतले बरेचसे आज शाळेत आहेत. त्यांच्यासाठी हा इतिहास हाच खरा वारसा.

म्हणून प्राधिकरणाकडे पाच मागण्या करतो. सिंहस्थासाठी सार्वजनिक पैशातून लिहिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड खुल्या परवान्याखाली, सार्वजनिक रिपॉझिटरीत, कामाच्या पहिल्या दिवसापासून असावा, ही अट निविदेत घालावी. विकासाची आणि प्रकाशनाची शाखा वेगळी ठेवणे आणि दुरुस्ती आधी मुख्य शाखेत करणे कंत्राटात बंधनकारक करावे. कोड आणि मजकूर गोठवण्याची तारीख अमृतस्नानांच्या तारखांसारखीच जाहीर करावी. प्रत्येक स्नानाला चाललेली आवृत्ती टॅगसह प्रसिद्ध करावी, म्हणजे ती कोणालाही स्वतः बांधून पडताळता येईल. आणि हॉटफिक्सचा निर्णय कोण घेणार, त्या अधिकाऱ्याचे पद ध्वजारोहणापूर्वी नेमून द्यावे. यांतल्या कशालाही नवे बांधकाम लागत नाही की मोठा खर्च. लागतो तो वेळेवर घेतलेला निर्णय, आणि तो पहिली निविदा निघण्याआधी झाला तरच उपयोगाचा. कंत्राटावर सही झाल्यानंतर याच अटी विनंत्या होऊन बसतात, आणि पर्वणीच्या तोंडावर विनंत्या ऐकायला कोणालाच फुरसत नसते.

आपला,
एक नाशिककर सॉफ्टवेअर अभियंता